दगडाआधीचे किल्ले

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळांनी अंगणात किल्ला केला असेल. माती कालवायची, तट थापायचा, भोवती चर खणून त्यात पाणी सोडायचे आणि वर अळीव पेरायचे. हा किल्ला पाहून मोठी माणसे कौतुकाने हसतात. कारण खरा किल्ला दगडाचा असतो आणि मातीचा किल्ला हा मुलांचा खेळ, असे त्यांना वाटते. पण किल्ल्यांचा इतिहास तपासला, तर तुमचाच किल्ला अधिक जुन्या घडणीचा ठरतो! जगातील अनेक देशांत राजांचे पहिले किल्ले माती आणि लाकूड यांचेच होते. दगड नंतर आला.

मग ते मातीचे आणि लाकडाचे किल्ले गेले कोठे? आणि ते होते हे आपल्याला कळते तरी कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण दोन प्रदेशांकडे पाहू. एक आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश. दुसरा येथून हजारो किलोमीटर दूर, अटलांटिक महासागरातला आयर्लंड हा देश.

कुडाचे घर मागे काय ठेवते?

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यात हेमलकसा हे गाव आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, त्यामुळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. जवळच भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. या परिसरात माडिया गोंडांची वस्ती आहे.

माडिया घराची जुनी रीत अशी. जमिनीत खड्डे घेऊन लाकडी मेढी रोवायच्या. मेढींवर आढे आणि आढ्यावरून वासे टाकायचे. बांबूच्या कामट्या विणून कुड करायचा आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा द्यायचा. वर गवत किंवा कवेलू. घराभोवती लाकडांचे आणि काट्याकुट्यांचे कुंपण, म्हणजे गुरे, डुकरे, कोंबड्या आत राहतात आणि जंगली जनावर बाहेर. यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू चार पावलांवरच्या रानात मिळते. मातीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि पुरात घर पडले, तरी ते पुन्हा उभारता येते. येथील हवामानाला अनुरूप असेच हे बांधकाम आहे.

आता अशी कल्पना करा, की अशा एखाद्या वस्तीतील माणसे दुसरीकडे राहायला गेली. पहिल्या काही पावसाळ्यांत छप्पर बसेल. गिलावा धुपून मातीला मिळेल. मेढी वाळवी खाईल. पन्नास वर्षांनी तेथे झुडपे माजलेली असतील आणि पाचशे वर्षांनी एखादा वाटसरू म्हणेल, "येथे कधी कोणी राहतच नव्हते."

वाटसरू चुकेल, पण पुरातत्त्वज्ञ चुकणार नाही. मेढ कुजली, तरी तिच्यासाठी केलेला खड्डा तसाच राहतो. त्यात वरची भुसभुशीत माती, कुजके लाकूड, राख उतरते. म्हणून आजूबाजूच्या घट्ट मातीत तेथे एक गडद, मऊ, गोल डाग दिसतो. असे डाग एका रेषेत किंवा वर्तुळात मिळाले, की घराचा आराखडा कागदावर उतरवता येतो. लाकूड जळले असेल तर अधिकच चांगले, कारण कोळसा सहसा कुजत नाही आणि त्यातील किरणोत्सर्गी कार्बन-१४ मोजून वय काढता येते. या कार्बनचे प्रमाण दर ५,७३० वर्षांनी निम्मे होते.

मृतांसाठी दगड, जिवंतांसाठी लाकूड

येथे एक गंमत ध्यानात घ्या. भामरागडच्या परिसरात माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ उभ्या शिळा रोवतात. घर कुडाचे, पण स्मारक दगडाचे!

हीच वाटणी विदर्भाच्या प्राचीन इतिहासातही दिसते. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड अशा ठिकाणी मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थाने होत. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांचे लगाम आणि काही ठिकाणी घोड्यांची हाडेही सापडली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे तर प्रचंड शिळा उभ्या-आडव्या रचून केलेले शिलाप्रकोष्ठ आहेत. परंतु ही वर्तुळे रचणारे लोक स्वतः कोठे राहत? नायकुंडच्या उत्खननात त्यांची वस्ती मिळाली. ती होती मातीच्या जमिनींची आणि लाकडी खांबांच्या घरांची. तेथेच लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. म्हणजे दगड हलवणे आणि रचणे त्यांना उत्तम येत होते, कुऱ्हाडही त्यांच्या हातात होती; तरी राहण्यासाठी त्यांनी लाकूड आणि मातीच पसंत केली.

आता आयर्लंडकडे वळू. तेथे न्यूग्रेंज नावाचे एक दगडी समाधिस्थान आहे. ते इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडांहूनही जुने आहे. डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या गाभाऱ्यापर्यंत पोचतो. इतके अचूक दगडी काम करणाऱ्यांची राहती घरे मात्र लाकडाचीच होती. पुढे चार हजार वर्षांनीही सामान्य आयरिश माणूस कुडाच्या घरातच राहत होता. उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्यात १९८० च्या दशकात डिअर पार्क फार्म्स या जागी उत्खनन झाले. तेथे सातव्या-आठव्या शतकांतील गोल घरे सापडली. हेझेल नावाच्या झुडपाच्या फांद्या विणून केलेल्या त्यांच्या भिंती जशाच्या तशा टिकल्या होत्या. कारण सोपे आहे. तेथील माती सतत पाण्याने भिजलेली होती. अशा मातीत प्राणवायू पोचत नाही आणि लाकूड कुजवणारे जीवाणू वाढू शकत नाहीत. त्या भिंतींची छायाचित्रे पाहिली, तर गडचिरोलीच्या कोणाही माणसाच्या तोंडून सहज शब्द निघेल, "हा तर कुडच!"

म्हणून आयरिश लोक आणि माडिया लोक यांचे काही प्राचीन नाते आहे, असे समजू नका. तसा कोणताही पुरावा नाही. लवचिक फांदी, चिकट माती आणि पावसापासून निवारा ही तीन गोष्टींची बेरीज जगात कोठेही केली, तरी उत्तर बहुधा सारखेच येते.

कुंपणाचा तट झाला

आयर्लंडमध्ये गावोगाव शेतात मातीची गोल कडी दिसतात. आजवर अशी चाळीस हजारांहून अधिक ठिकाणे नोंदली गेली आहेत. बहुतेक सहाव्या ते दहाव्या शतकांतील आहेत. मातीच्या कड्याला तेथे 'राह' म्हणतात आणि दगडी कड्याला 'कॅशेल'. कडे साधारण वीस ते पन्नास मीटर व्यासाचे असते. आत सुखवस्तू शेतकऱ्याचे घर आणि भोवती बांध व चर. रात्री गुरे आत घ्यायची, म्हणजे लांडगे आणि गुरेचोर यांची भीती कमी होते. आपल्याकडील पाटील-देशमुखांची पांढऱ्या मातीची गढी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या कड्याचा उद्देश लगेच ध्यानात येईल.

चर आणि बांध ही जोडी फार हुशारीची आहे. चर खणून निघालेली माती आतल्या बाजूला टाकली, की एकाच श्रमात दोन अडथळे तयार होतात. चर दोन मीटर खोल आणि बांध दोन मीटर उंच असेल, तर चढणाऱ्याला चार मीटरांची चढण लागते.

याला श्रम किती लागतील? थोडे गणित करू. चराची लांबी १०० मीटर, तोंडाशी रुंदी ४ मीटर, खोली २ मीटर आणि आकार त्रिकोणी, असे समजू. छेदाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, म्हणून माती ४०० घनमीटर. एक माणूस दिवसाला १ घनमीटर माती खणून वर टाकतो असे धरले, तर ४०० माणसांचे एका दिवसाचे काम झाले. घरात कामाची पाच माणसे असतील तर ८० दिवस लागतील. पण ज्याच्या शब्दाखातर चाळीस माणसे येतात, त्याचे काम दहा दिवसांत होईल. त्याला हवे तर तो दुसरा आणि तिसरा बांधही घालू शकेल.

किल्ल्याचा जन्म झाला तो येथे. बांध किती, यावरून मालकाच्या मागे माणसे किती, हे सांगता येऊ लागले. सुमारे आठव्या शतकातील एका आयरिश कायदेग्रंथात राजाच्या निवासाची मापे दिली आहेत आणि मांडलिकांनी श्रम करून घातलेला बांध भोवती असणे हे राजेपणाचे लक्षण मानले आहे. तट हे शत्रूपासून रक्षण करणारे साधन होते, तसेच ते राजाचे वजन दाखवणारे मापही होते.

उलट्या खंदकाचे कोडे

आता एक कोडे घालतो. आयर्लंडच्या परंपरेत टारा, नॅव्हन अशा काही टेकड्या प्राचीन राजांची स्थाने म्हणून प्रसिद्ध आहेत. तेथील मातीचे वेढे प्रचंड आहेत. पण चमत्कार असा, की त्यांचा खंदक आत आणि बांध बाहेर आहे! शत्रू आला तर तो आधी उंच बांधावर चढून बसेल आणि आतले लोक खाली खंदकापलीकडे राहतील. असा उलटा किल्ला कोणता राजा बांधील?

याचे उत्तर नॅव्हनच्या उत्खननाने सुचवले. तेथे सुमारे ४० मीटर व्यासाच्या गोल लाकडी वास्तूचे खड्डे सापडले. खांबांच्या पाच वर्तुळांच्या मधोमध ओक वृक्षाचा एक प्रचंड खांब होता. त्याचा बुंधा खड्ड्यात शिल्लक होता. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. या रुंद-अरुंद वलयांचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवून तो ओक इ. स. पू. ९५ च्या अखेरीस किंवा ९४ च्या आरंभी तोडला, असे शास्त्रज्ञांनी ठरवले. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आणि फरक अवघ्या काही महिन्यांचा!

ही वास्तू उभारल्यावर लोकांनी ती चुनखडीच्या दगडांनी भरली, बाहेरून पेटवली आणि वर मातीचे गवताळ थर रचून टेकडी केली. राहण्यासाठी घर बांधून कोणी असे करीत नाही. तेव्हा हे स्थान सण, विधी आणि जनसमुदायाच्या मेळाव्याचे असावे, असे अभ्यासक मानतात. आत खंदक असलेला वेढा म्हणजे पवित्र जागेची सीमा होय. नॅव्हन येथेच उत्तर आफ्रिकेतील एका माकडाची कवटीही सापडली. दूर देशाहून असा प्राणी मिळवणे हेही मोठेपणाचेच लक्षण, नाही का?

वलये मोजण्याची ही पद्धत आपल्याकडेही उपयोगी पडते. उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडांची वलये अस्पष्ट असतात, पण सागवान त्याला अपवाद आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी मध्य भारतातील सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पावसाचा अभ्यास केला आहे. हेमलकशाच्या वाटेवर लागणाऱ्या आलापल्लीच्या जंगलातील उंच साग पाहाल, तेव्हा ही गोष्ट आठवा. ती झाडे म्हणजे पावसाची वहीच होय.

वैनगंगेकाठचे मातीचे तट

विदर्भात मातीचे तट होते काय? होते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी हे गाव आहे. तेथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. प्राचीन स्तूपाबरोबर नगराभोवतीच्या मातीच्या तटाचाही त्यात अभ्यास झाला. नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन झाले. तेथेही मातीचा तट आणि खंदक होता. अडमला मिळालेल्या एका मुद्रेवर अस्सक जनपदाचे नाव आहे. जनपद म्हणजे त्या काळचे राज्य.

या तटांचा खंदक बाहेर आहे, म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीने सरळ. नदीकाठच्या नगराला मातीचा जाड बांध पुरातही कामी येतो. अशा रीतीने आयर्लंडच्या शेतकऱ्याने जी युक्ती एका घरासाठी वापरली, तीच विदर्भात त्याच्या कित्येक शतके आधी संपूर्ण नगरासाठी वापरली गेली होती.

दगड जिवंतांच्या वस्तीत येतो

मग दगडाचा तट केव्हा येतो? याची दोन कारणे दिसतात. पहिले कारण भूगोलाचे. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान बेटांवर डून एंगस हा प्राचीन किल्ला समुद्राच्या उंच कड्यावर आहे. तेथील जमीन म्हणजे उघडा चुनखडक. माती थोडी, झाडे विरळ. मग तट कशाचा घालणार? अर्थात दगडाचा, तोही चुना न वापरता केवळ दगडावर दगड रचून.

दुसरे कारण राज्याचे. दगड खाणीतून काढायचा, वाहून आणायचा, घडवायचा, चुना भाजायचा, तर शेकडो कारागिरांना वर्षानुवर्षे पोसावे लागते. असे करू शकणारी सत्ता चंद्रपूरच्या वनप्रदेशात गोंड राजांनी उभी केली. त्यांच्या आधीही या भागात गड होते. माणिकगड हा माना नाग राजांनी बांधला, असे परंपरा सांगते. गोंडांनी आधी वर्धा नदीकाठी बल्लारपूरला किल्ला बांधला आणि मग राजधानी चंद्रपूरला नेली.

चंद्रपूरच्या स्थापनेची कथा प्रसिद्ध आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता, एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसला. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने राणीच्या सल्ल्यावरून तट आखला गेला. अशाच सशा-कुत्र्याच्या कथा विजयनगर आणि अहमदाबाद यांच्याबद्दलही सांगतात. नॅव्हनची कथा तर अशी, की माखा नावाच्या राणीने आपल्या वस्त्राच्या टाचणीने जमिनीवर रेघ ओढून वेढा आखला! या कथा इतिहास नव्हेत. पण त्यांतून एक गोष्ट समजते. तटाची पहिली रेषा आखणे हाच राज्याचा आरंभ, असे लोकांना सर्वत्र वाटत होते.

परंपरेप्रमाणे चंद्रपूरच्या तटाचे काम पंधराव्या शतकात सुरू झाले आणि पुढच्या काही पिढ्यांनी, धुंड्या रामशहाच्या काळी, ते पुरे झाले. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा ही चार दारे. बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर या पाच खिडक्या. दारांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरले आहे. पश्चिमेला इरई आणि पूर्वेला झरपट या नद्या असल्यामुळे खंदकाचे बरेचसे काम निसर्गच करतो.

या तटाचा घेर दहा किलोमीटरांच्या आसपास आहे. उंची सरासरी ५ मीटर आणि जाडी २ मीटर धरली, तर बांधकाम १ लाख घनमीटर होते. आपल्या आयरिश कड्याच्या अडीचशे पट! एक गवंडी दिवसाला अर्धा घनमीटर रचतो असे मानले, तर १०० गवंड्यांना २,००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे लागतील. पाथरवट, गाडीवान, चुना भाजणारे आणि या सर्वांसाठी धान्य पिकवणारे शेतकरी यांचा हिशेब वेगळाच. हे धान्य आले तळ्यांमुळे. जो जंगल तोडून जमीन करील आणि जो तळे बांधील त्याला जमीन देण्याची रीत गोंड राजांनी घातली, असे सांगतात. म्हणून तटाच्या प्रत्येक दगडामागे कोठेतरी एक तळे आणि एक धानाचे बांधीशेत उभे आहे.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या तटाला खिंडार पाडले आणि शहर घेतले. दगड लाकडापेक्षा टिकाऊ खरा, पण तोही अजिंक्य नव्हता. त्याहून संथ शत्रू आजही काम करीत आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वडा-पिंपळाचे बी सांध्यात रुजते आणि मुळे जाड होऊ लागली, की चिरे फाकतात. २०१७ पासून चंद्रपूरच्या तरुणांनी श्रमदानाने तटावरची झुडपे आणि केरकचरा काढण्याचे मोठे काम केले, ते म्हणूनच महत्त्वाचे आहे.

तुम्ही काय कराल?

दगडी तट निदान दिसतो, म्हणून त्याच्यासाठी कोणी धावून येते. मातीच्या तटाचे तसे नाही. पांढरीच्या टेकाडाची माती खत म्हणून शेतात जाते, गढीची माती घरासाठी नेतात, गुप्तधनाच्या लोभाने कोणी खड्डे घेतो. सोने तर मिळत नाहीच. पण मेढीचा तो गडद डाग एकदा विस्कटला, की जगातील कोणताही शास्त्रज्ञ तो परत जुळवू शकत नाही. घराचा तो एकुलता एक पुरावा असतो. "आमच्या जंगलात कसला आला इतिहास?" असे गडचिरोलीचा एखादा विद्यार्थी म्हणत असेल, तर त्याने दगड मोजले आहेत, माती वाचलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा आपल्या गावाजवळ गढी, पांढरी, जुना बांध किंवा शिळांचे वर्तुळ असेल, तर कुदळ न लावता पुढील गोष्टी करा. दोरीने त्याचा घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागा, म्हणजे व्यास मिळेल. चर आत आहे की बाहेर, ते पाहा. होकायंत्राने दाराची दिशा लिहा. बांध मातीचा की दगडाचा, दगड असल्यास तो जवळ कोठे मिळतो, ते शोधा. वडीलधाऱ्या माणसांना त्या जागेचे नाव आणि कथा विचारा. गड, कोट, गढी, डीह असे शब्द नावात असतील, तर खूण करून ठेवा. आयर्लंडमध्ये डंडॉक, लिसमोर, कॅशेल अशा गावांच्या नावांतच जुने किल्ले दडलेले आहेत. शेवटी वर दिल्याप्रमाणे गणित करा आणि तो बांध घालायला किती माणसांचे किती दिवस लागले असतील, ते काढा. हा नकाशा आणि ही माहिती शिक्षकांमार्फत जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयाकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे पाठवा.

आणि पुढच्या दिवाळीत किल्ला कराल, तेव्हा चराची माती आत टाकायची की बाहेर, हे आधी ठरवा. कोणी विचारले, तर कारणही सांगता आले पाहिजे!